एक अमावास्या, दोन पाडवे

२८ जानेवारी २०१९ च्या सकाळी, हनोईतल्या ज्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मोरीत, एका घमेल्यात तीन लाल मासे पोहत होते. लेकीच्या नोकरीनिमित्ताने आम्हां उभयतांचे व्हिएतनामला जाणे झाले होते. मासे शिजवण्यासाठी आणले असावेत असे समजून सौभाग्यवतीने तोंड फिरवले. पण घरमालकीणबाईंनी हाताने आकाशाकडे खूण केली, आणि त्यांचा इंग्रजी जाणणारा भाचा हसत म्हणाला, ‘‘ही आमच्या चुलीच्या देवांची वाहने आहेत. आज ते वर जाणार.’’

चांद्रवर्षाच्या शेवटच्या महिन्याची ती तेविसावी तिथी होती. व्हिएतनामी घरात चुलीचे देव तीन, दोन पुरुष आणि एक स्त्री. वर्षभर ते घरातले सारे पाहतात, ऐकतात, आणि या दिवशी स्वर्गात जाऊन जेड सम्राटापुढे त्याचा वृत्तांत ठेवतात. त्यांच्यासाठी कागदाच्या टोप्या आणि कागदाचेच जोडे आणून जाळायचे आणि रोहूच्या कुळातले हे लाल मासे तळ्यात किंवा नदीत सोडायचे. देव परततात ते वर्षाच्या अखेरच्या रात्री. मधला आठवडा घर बिनपहाऱ्याचे असते. मालकीणबाईंच्या घरी शेगडी गॅसची झाली आहे. देवांनी त्याबद्दल कुरकूर केल्याचे ऐकिवात नाही.

त्या शेगडीशेजारीच भिंतीवर रोज एक पान फाडण्याचे जाडजूड कॅलेंडर टांगलेले होते. मोठ्या अंकांत इंग्रजी तारीख आणि खाली बारीक अंकांत चांद्र तिथी. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत १९७३ पासून ‘कालनिर्णय’ला जी जागा मिळाली तीच या पानगठ्ठ्याला तिथे आहे. फरक एवढाच की तिथे अंकच बोलतात. एकादशी, प्रदोष असला मजकूर नाही. मी आदल्या दिवशीचे फाडलेले पान मागून घेतले, आणि पुढचे आठ दिवस त्या शहरात जे जे पाहिले ते त्या बारीक अंकांच्या आधारानेच पाहिले.

घरच्या पंचांगाशी ताळा करून पाहिला तेव्हा गंमत लक्षात आली. त्यांचा नववर्षाचा सण, ज्याला ते तेत म्हणतात, त्या वर्षी ५ फेब्रुवारीला होता. आपल्याकडची ती माघ शुद्ध प्रतिपदा. आदला दिवस आपली पौष अमावास्या. इंदुरात आमचे शेजारी तिलाच माघाची मौनी अमावास्या म्हणतात, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आमचा अमावास्येला. दोन-अडीचशे वर्षे माळव्यात राहूनही मराठी घरांनी हा पंधरवड्याचा फरक सोडलेला नाही. त्याच दिवशी प्रयागच्या कुंभात लाखो लोक बुडी मारीत असणार आणि इथे हनोईत पीचच्या फांद्या विकल्या जात असणार, दोन्ही एकाच चंद्राच्या हिशेबाने!

हिशेबाची रीतही फार दूरची नाही. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत येत नाही तो आपला अधिक मास. त्यांच्याकडेही सूर्यमार्गाचे बारा मुख्य टप्पे आहेत, आणि ज्या महिन्यात एकही टप्पा पडत नाही तो अधिक. आपण सूर्य नक्षत्रांच्या आधाराने मोजतो, ते ऋतूंच्या, म्हणजे सायन. आणि दक्षिणायन संपण्याचा दिवस अकराव्या महिन्यातच आला पाहिजे हा त्यांचा दंडक. दुसरा भेद बारीक, पण पुढच्या कथेसाठी महत्त्वाचा. आपल्याकडे सूर्योदयाला जी तिथी ती त्या दिवसाची. त्यांच्याकडे सूर्य-चंद्राची युती ज्या तारखेला होईल, मग ती पहाटे होवो वा रात्री अकराला, ती अख्खी तारीख महिन्याची पहिली. त्यामुळे युती मध्यरात्रीच्या आसपास झाली की प्रश्न उभा राहतो : मध्यरात्र कोठली?

ज्या रस्त्याच्या गल्लीत आमचे घर होते त्याचे नाव खाम थिएन. दिवसभर दुचाकींची रीघ आणि कपड्यांची दुकाने, एरवी पाहण्यासारखे काही नाही. पण हे नाव राजाच्या ज्योतिष-कचेरीचे आहे. जुन्या लै राजवटीत आकाशाचे वेध घेऊन वर्षाचे पंचांग तयार करणारी कचेरी या भागात होती. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हा रस्ता ज्योतिषापेक्षा गाणाऱ्या बायकांच्या घरांसाठी प्रसिद्ध होता, तो भाग निराळा. पंचांग देणे हे चिनी परंपरेत राजेपणाचे लक्षण. सम्राटाचे पंचांग स्वीकारणे म्हणजे त्याचे वर्चस्व मान्य करणे, म्हणून व्हिएतनामी दरबार आपले पंचांग आपण करीत असे. पॅरिसमध्ये राहिलेले गणिती हुआंग शुआन हान यांनी १९८२ साली या पंचांगांवर पुस्तक लिहिले. त्यांनी दाखवून दिले की १६४५ मध्ये चीनने जेझुइटांच्या मदतीने सुधारलेले गणित घेतले, तरी व्हिएतनाम जुन्याच गणिताला धरून राहिला आणि १८१३ मध्ये ते नवे गणित त्याने स्वीकारले. मधल्या पावणेदोनशे वर्षांत दोन्ही देशांच्या तिथी अधूनमधून जुळत नसत. टिळक पंचांग मानणाऱ्या आपल्याकडच्या घरांचा अधिक मास काही वर्षी वेगळा पडतो आणि त्यांचा गणपती इतरांच्या महिनाभर आधी बसतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

शहर मात्र त्या आठवड्यात गणिताच्या विचारात नव्हते. जुन्या भागाला छत्तीस गल्ल्यांचे शहर म्हणतात. अनेक गल्ल्यांच्या नावाआधी ‘हांग’, म्हणजे माल, आणि पुढे त्या मालाचे नाव. रेशमाची, चांदीची, साखरेची अशा गल्ल्या. ‘हांग मा’ ही कागदी पूजासाहित्याची गल्ली तर डोक्यापासून पायापर्यंत लाल झाली होती. जवळच्या हांग लुओकमध्ये फुलांचा बाजार भरला होता. थंडी आपल्या माळव्यातल्यासारखी, पण ओली, सतत भुरभुर. त्या भुरभुरीत दुचाकीच्या मागे पुरुषभर उंचीचे, बोराएवढ्या नारिंगी लिंबांनी लगडलेले झाड बांधून माणसे चालली होती. चालक दिसतच नव्हता, झाडच रस्त्याने जात आहे असे वाटे. पीच म्हणजे आपल्या उत्तरेकडचा आडू. त्याच्या फुलांच्या फांद्या हनोईच्या वायव्येस न्यत तानच्या मळ्यांतून येतात. कळ्या नेमक्या पाडव्याला फुटाव्यात म्हणून माळी आधी झाडाची पाने खुडून टाकतात आणि थंडी-उष्म्याकडे डोळे लावून बसतात. येथे पंचांगाचा एक दिवसही महाग पडतो.

पदपथांवर कर्दळीसारख्या रुंद पानांच्या जुड्या आणि बांबूच्या चिंबट पट्ट्या. त्यांत चिकट तांदूळ, मुगाची डाळ आणि डुकराचे मांस बांधून चौकोनी ‘बान्ह चुंग’ करतात आणि दहा-बारा तास उकडतात. मालकीणबाईंनी आमच्यासाठी दोन पुडे नुसत्या डाळीचे बांधले. रेशनच्या काळातली आठवण त्यांनी सांगितली. १९८० च्या आसपास तेतसाठी सरकारी दुकानातून प्रत्येक घराला एक पिशवी मिळे. थोडा चहा, शेवया, मिरी, साखरेत घोळलेल्या फळांच्या फोडी. गल्लीतल्या साऱ्यांचे पुडे एकाच मोठ्या पिंपात रात्रभर उकडत आणि आपापला ओळखता यावा म्हणून प्रत्येक घर आपल्या पुड्याला वेगळी खूण बांधी.

साहित्य-मंदिराला, म्हणजे वान मिएवला, दोनदा गेलो. १०७० मध्ये कन्फ्यूशियसच्या पूजेसाठी ते बांधले गेले आणि १०७६ मध्ये तेथे राजविद्यालय सुरू झाले. दगडी कासवांच्या पाठीवर उभ्या केलेल्या ८२ शिळांवर, १४४२ ते १७७९ या काळातल्या सर्वोच्च राजपरीक्षा उतरलेल्यांची नावे चिनी लिपीत कोरली आहेत. समोरच्या तळ्याकाठी मांडव घालून लेखनिक बसले होते. लाल कागदावर काळ्या शाईने एखादे अक्षर लिहून द्यायचे : सुख, दीर्घायुष्य, शांती. रांगेत उभ्या असलेल्या तरुण मुलामुलींपैकी बहुतेकांना ते अक्षर वाचता येत नव्हते. लेखनिक अर्थ सांगे, ती मान डोलवीत आणि कागद वाळेपर्यंत जपून धरीत. शेवटची राजपरीक्षा १९१९ मध्ये ह्वे येथे झाली. १९३६ मध्ये वू दिन्ह लिएन या कवीने असल्याच एका म्हाताऱ्या लेखनिकावर कविता लिहिली, ती तेथे शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. माझ्या आजोबांच्या ट्रंकेत मोडी कागदांचे दोन रुमाल आहेत. ते मी वर्षातून एकदा उन्हात घालतो आणि पुन्हा ठेवतो.

व्हिएतनामी भाषा आज रोमन लिपीत लिहिली जाते. तिची घडण सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जेझुइटांनी केली. त्यांच्या कामाच्या आधारावर अलेक्झांडर द ऱ्होड या पाद्र्याचा कोश १६५१ मध्ये रोम येथे छापला गेला. हा ऱ्होड पूर्वेकडे जाताना १६१९ मध्ये गोव्यात उतरला होता आणि पुढे जाण्यापूर्वी काही काळ तिथे राहिला. गोव्यातल्या वाचकांना त्या सालाचे महत्त्व सांगायला नको : फादर स्टीफन्स याच वर्षी वारले, आणि त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापून जेमतेम तीन वर्षे झाली होती. एकाच संघाच्या माणसांनी एकाच काळात दोन भाषांवर केलेला हा प्रयोग. मराठीत तो ग्रंथापुरता राहिला, तिकडे तो अख्ख्या राष्ट्राची लिपी झाला.

तेतच्या पाचव्या दिवशी शहराच्या नैर्ऋत्येस डोंग डा टेकाडापाशी जत्रा भरते. ती आम्हांला पाहता आली नाही, पण तिची कथा गल्लीतल्या पोरांनाही पाठ आहे. १७८८ च्या अखेरीस चिनी फौज राजधानीत, तेव्हाच्या थांग लाँगमध्ये, येऊन बसली होती. दक्षिणेत न्गुएन ह्वे याने डिसेंबरात स्वतःला क्वांग त्रुंग या नावाने सम्राट घोषित केले आणि तो फौज घेऊन उत्तरेकडे निघाला. वाटेत ताम डिएपच्या खिंडीपाशी त्याने एक विलक्षण आज्ञा दिली : सैनिकांनी तेत आत्ताच, वेळेआधी, साजरा करावा, खरा तेत सातव्या दिवशी राजधानीत करू. सणाच्या सुस्तीत असलेल्या चिनी छावण्यांवर वर्षाच्या अखेरच्या रात्रीपासून तो तुटून पडला आणि सातव्याऐवजी पाचव्याच दिवशी, ३० जानेवारी १७८९ रोजी, शहरात शिरला. चिनी सेनापती पळाला. त्याच वेळी न्यत तानच्या पीचची एक फांदी घोडेस्वाराबरोबर राणीकडे दक्षिणेत पाठवली, असेही सांगतात. ती दंतकथा असावी. पण सण अलीकडे ओढला ही गोष्ट इतिहासाची आहे.

दुसऱ्यांदा तेतची तारीख सरली ती १९६८ मध्ये. उत्तर व्हिएतनामच्या सरकारने ८ ऑगस्ट १९६७ च्या निर्णयाने चांद्र पंचांगाचे गणित बीजिंगच्या वेळेऐवजी स्वतःच्या वेळेने, म्हणजे ग्रीनिचच्या सात तास पुढे धरून, करायचे ठरवले. देशाच्या रेखांशाला तीच वेळ जुळते. त्याची अंमलबजावणी १ जानेवारी १९६८ पासून. दक्षिणेत सायगावचे घड्याळ तेव्हा आठ तास पुढे होते. आणि नेमके त्याच वर्षी पाडव्याची युती हनोईच्या २९ जानेवारीच्या रात्री साडेअकराच्या सुमारास आली, तर सायगावला ३० जानेवारीच्या साडेबाराला. एकच क्षण, पण उत्तरेत तेत २९ तारखेला झाला आणि दक्षिणेत ३० ला.

त्या तेतला काय झाले ते जगाला ठाऊक आहे. सणासाठी युद्धविराम असताना दक्षिणेतल्या शहरांवर एकाच वेळी हल्ले करण्याचा बेत होता. पण न्हा ट्रांग, डा नांग, प्लेइकू अशा काही शहरांवर ते २९-३० च्या रात्रीच झाले आणि सायगाव, ह्वे व इतर ठिकाणी त्याच्या दुसऱ्या रात्री. काही तुकड्यांनी सणाची पहिली रात्र नव्या पंचांगाने मोजली आणि काहींनी जुन्या, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. काही जण याचे कारण वेळेवर न पोचलेल्या हुकमात शोधतात. उत्तरेतल्या लोकांना निदान सण तरी सुखाने करता यावा म्हणून तारीख मुद्दाम अलीकडे आणली, असाही एक तर्क आहे. मला तो पटत नाही. हनोईच्या वेळेने गणित करून पाहावे, २९ हीच तारीख निघते. गणित खरेच होते. ते कोणत्या वर्षी लागू करावे एवढाच काय तो माणसांचा निर्णय.

मालकीणबाई तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. देशाची फाळणी झाल्यावर १९५४-५५ मध्ये सुमारे दहा लाख माणसे उत्तरेतून दक्षिणेत गेली, त्यांत त्यांचे एक काका होते. मी १९६८ चा विषय काढला तेव्हा त्या लढाईबद्दल काहीच बोलल्या नाहीत. पूर्वजांच्या देव्हाऱ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘‘वर्षाच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे सारे पूर्वज जेवायला येतात. त्या वर्षी आजोबा आमच्याकडे जेवले आणि काकांकडे दुसऱ्या दिवशी गेले. आई म्हणाली, बरेच झाले, म्हाताऱ्याला एका दिवसात दोन्हीकडे जायला नको.’’ हसल्या. भाच्याने हे भाषांतर करताना मध्येच थांबून पुन्हा विचारून घेतले, कारण ही गोष्ट त्यानेही पूर्वी ऐकलेली नव्हती. १९७५ मध्ये दक्षिणेचे घड्याळ उत्तरेशी जुळवण्यात आले. काकांचे पत्र आले ते त्यानंतरच.

खाम थिएनवर थोडे पुढे गेले की एका घराच्या जागी स्मारक आहे. निपचित मूल हातांवर घेतलेल्या बाईची मूर्ती. २६ डिसेंबर १९७२ च्या रात्री अमेरिकेच्या बी-५२ विमानांनी या रस्त्यावर बाँब टाकले. पावणेतीनशेहून अधिक माणसे मेली. मालकीणबाई त्या रात्री शाळेच्या मुलांबरोबर खेड्यात होत्या. सासूबाई घरी होत्या. सरकारी स्मरणाचा दिवस २६ डिसेंबर. घरचा मात्र अकराव्या महिन्याची एकविसावी, कारण आपल्यासारखेच त्यांचे श्राद्ध तिथीने असते. २०१८ मध्ये ती तिथी २७ डिसेंबरला आली होती. या गल्लीतल्या किती घरांत त्या एकाच तिथीला पान वाढले जाते, हे त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. पंचांगकर्त्यांच्या नावाचा रस्ता, आणि त्याच्या पंचांगात हा एक आकडा सगळ्यांचा.

हनोई आणि बीजिंग यांचे पाडवे त्यानंतरही फुटले. सर्वांत मोठी फूट १९८५ ची. डिसेंबर १९८४ मध्ये सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोचला तो क्षण हनोईत २१ तारखेच्या रात्री ११ वाजून २३ मिनिटांचा आणि बीजिंगमध्ये २२ तारखेच्या १२ वाजून २३ मिनिटांचा. नवा चांद्रमास दोन्हीकडे २२ लाच सुरू होत होता. म्हणजे तो क्षण हनोईत संपत्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी पडला आणि बीजिंगमध्ये नव्याच्या पहिल्या दिवशी. जिथे तो पडतो तो महिना अकरावा, हा दंडक वर सांगितलाच आहे. परिणामी व्हिएतनामचा तेत २१ जानेवारीला आणि चीनचा २० फेब्रुवारीला! सीमेवरच्या १९७९ च्या युद्धाला सहा वर्षे होत आली होती आणि तेथे तोफा अजून थंडावल्या नव्हत्या. महिनाभर आधी सण करणाऱ्यांना त्याचे काही वाटले असेल काय, असे मी विचारले. मालकीणबाईंना त्या वर्षाचे एवढेच आठवत होते की पीच फुललाच नव्हता.

फटाके मात्र सरकारने खरोखरच बंद केले, १९९५ च्या तेतपासून. आता मध्यरात्री आतषबाजी होते ती सरकारी, तळ्याकाठी. सण रोमन वर्षारंभाशी जोडून टाकावा, जपानने १८७३ मध्ये केले तसे, ही सूचना मात्र अडली. या शतकाच्या आरंभी भातपिकाचे नामवंत शास्त्रज्ञ वो तोंग शुआन यांनी ती मांडली. जगाबरोबर काम, जगाबरोबर सुटी, असा त्यांचा मुद्दा होता आणि तो हिशेबाला चुकीचा नव्हता. तेतला अनेक दिवस देश बंद असतो हे आम्हीच अनुभवले. वाद दर वर्षी थोडा पेटतो आणि तेत जवळ आला की सारे वादी-प्रतिवादी बसस्थानकावर गावच्या गाडीच्या रांगेत उभे असतात. आपल्या सरकारनेही २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर पंचांग दिले आहे. त्याच्या एक चैत्राला गुढी उभारलेले घर माझ्या पाहण्यात नाही.

४ फेब्रुवारीला, अखेरच्या दिवशी, दुपारचे विमान होते. रस्ते रिकामे होत चालले होते. फुलबाजारात उरलेल्या पीचचे भाव निम्म्याच्याही खाली आले होते. घासाघीस करणाऱ्यांना कंटाळून एक विक्रेता उरलेली लिंबाची झाडे मोडून कडेला टाकीत होता. घरात पिंप उतरले होते. मालकीणबाईंनी देव्हाऱ्यावर पाच फळांचे ताट मांडले, आमच्या हाती डाळीचे दोन पुडे दिले आणि भाच्याला सांगून एक नवा कोरा पानगठ्ठाही दिला. त्याची जानेवारीची सारी पाने अजून तशीच होती. ती मी इंदूरला आल्यावर एका बैठकीत फाडली.

तो गठ्ठा संपून आता बरीच वर्षे झाली. एक पान ठेवले आहे, ५ फेब्रुवारीचे; त्याच्या पाठीमागे बाईंच्या भाच्याने पेन्सिलीने २०३० असे लिहून दिले होते. हनोईचा आणि बीजिंगचा पाडवा त्या वर्षी पुन्हा वेगळा होणार आहे. युती हनोईत रात्री अकरा वाजून गेल्यावर; म्हणून तिथे तेत २ फेब्रुवारीला आणि चीनमध्ये ३ ला. मी आपले पंचांग काढून पाहिले. आपल्या घड्याळात तेव्हा साडेनऊ वाजून गेलेले असतील, आणि सूर्योदयाच्या नियमाने माघ शुद्ध प्रतिपदा ३ ला येईल.